बाटली आडवी करताना गैरहजर मत कुठे जाते?

उमरेड तालुक्यातील एखाद्या गावाला आपल्या हद्दीतले दारूचे दुकान नको असेल, तर त्याचा निकाल मतदानाने लागू शकतो. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. उभी म्हणजे दुकान राहावे, आडवी म्हणजे बंद व्हावे. सरकारी कागदात याला सार्वमत म्हणत नाहीत. पण एका गावाने एका प्रश्नावर दिलेला होय-नाहीचा थेट कौल म्हणजे स्थानिक सार्वमतच, आणि महाराष्ट्रात त्याचा याहून ओळखीचा नमुना नाही.

2008 च्या शासन आदेशाने ही पद्धत ठरवून दिली. गावातील किंवा नगरपरिषदेच्या प्रभागातील किमान 25 टक्के महिला मतदारांनी, अथवा एकूण मतदारांपैकी तेवढ्याच टक्क्यांनी, आधी लेखी मागणी करावी लागते. राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्यांची पडताळणी करतो आणि मग गुप्त मतदान होते. यादीत नाव असलेली बाई स्वतः केंद्रावर येऊन ओळख पटवते व मत देते. टपालाने मत पाठवण्याची सोय नाही. नवऱ्याने, सुनेने किंवा शेजारणीने तिच्या वतीने मत देण्याचा तर प्रश्नच नाही.

खरी मेख मोजणीत आहे. दुकान बंद व्हायला एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या नव्हे. मतदान फक्त महिलांचे असेल आणि गावात 1,000 महिला मतदार असतील, तर 501 मते हवीत. समजा 700 जणी आल्या, 480 जणींनी बाटली आडवी केली आणि 220 जणींनी उभी ठेवली. दुपटीहून अधिक बायका बंदीच्या बाजूने, तरी दुकान चालूच! न आलेल्या 300 जणींनी कोणतेही मत दिलेले नाही, पण त्यांचे वजन उभ्या बाटलीच्या पारड्यात गेले. या 300 मध्ये सगळ्याच आळशी किंवा बेफिकीर नसतात. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीत राहिलेले असते, मृतांची नावे वेळेवर कमी झालेली नसतात. उमरेडहून रोज नागपूरला कामाला जाणाऱ्या असतात. पूर्व विदर्भातून मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या मजूर बायकांना तर एका दिवसासाठी परतणे परवडतच नाही. म्हणून यादी साफ करून घेणे हे प्रचाराइतकेच महत्त्वाचे काम ठरते.

गोव्याच्या जनमत कौलात हिशेब वेगळा होता. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, यावर मतदान झाले. मुंबईत व इतरत्र राहणाऱ्या गोवेकरांनाही मत देता यावे, अशी विलीनीकरणविरोधी युनायटेड गोवन्स पक्षाची मागणी होती. ती मान्य झाली नाही. मतदार 3,88,432 होते, त्यांपैकी 3,17,633 जणांनी मत दिले. विलीनीकरणाविरुद्ध 1,72,191 आणि बाजूने 1,38,170 मते पडली. फरक 34,021 चा. बाटलीचा नियम तिथे लावला असता, तर निम्म्याची रेषा 1,94,216 वर येते आणि जिंकलेली बाजूसुद्धा ती गाठत नाही. पण गोव्यात पडलेली मतेच मोजली गेली. घरी राहिलेले सत्तर हजार कोणाच्याच बाजूचे धरले गेले नाहीत.

नेहमीच्या ग्रामसभेत गैरहजेरीला आणखी वेगळा अर्थ आहे. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक जमले की कोरम पूर्ण. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. म्हणजे इथे न येणाऱ्याचे मत कोणाकडेच जात नाही. आलेले मूठभर लोक गावाच्या नावाने ठराव करून मोकळे होतात.

लोकसभा-विधानसभेला मात्र काही गैरहजरांसाठी दार उघडे आहे. सैनिक, निवडणूक कर्मचारी आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतील व्यक्ती टपाली मतपत्रिका वापरू शकतात. 85 वर्षांवरील नागरिक आणि 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेले मतदार घरून मत देऊ शकतात. परदेशातील भारतीय नागरिकाला यादीत नाव नोंदवता येते, पण मत द्यायला गावी यावेच लागते. स्थलांतरित मजुरांसाठी निवडणूक आयोगाने 2022 च्या अखेरीस दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला. अनेक राजकीय पक्षांनी त्याला विरोध केला.

वारंवार सार्वमत घेणाऱ्या स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक लोक टपालानेच मत देतात, आणि गावपातळीवरचे प्रश्नही त्याच मार्गाने निकाली निघू शकतात. ग्लारुस आणि अपेनझेल इनररोडन या दोन प्रांतांत मात्र नागरिक अजूनही वर्षातून एकदा चौकात जमून हात वर करतात. तिथेही घरी राहिलेल्याला मत नाही. पण त्याची गैरहजेरी कोणत्याही बाजूला मोजलीही जात नाही.