सक्तीचा आरोग्य-विमा आणि त्याचे विरोधक

म्हैसूर संस्थानाने १८९१ साली आपल्या सरकारी नोकरांसाठी आयुर्विम्याची योजना सुरू केली आणि ती सक्तीची ठेवली. चामराजेंद्र वडियार तेव्हा गादीवर होते आणि शेषाद्रि अय्यर दिवाण होते. पगारातून दरमहा ठरावीक रक्कम कापावयाची आणि नोकर अकाली गेला तर त्याच्या घरच्यांच्या हाती विम्याचे पैसे द्यावयाचे, अशी ती साधी व्यवस्था होती. पुढे संस्थान विलीन झाले, राज्याचे नावही बदलले. ते विमाखाते मात्र कर्नाटक सरकारात आजही चालू आहे. सक्तीची वर्गणी या देशातल्या माणसाला मानवणार नाही, असे पुढे पन्नास वर्षे सांगितले गेले. ते सांगणाऱ्यांनी एकदा म्हैसूरकडे पाहावयास हरकत नव्हती.

अर्थात मरणाचा विमा निराळा आणि आजारपणाचा निराळा. मरण एकदाच येते. आजारपण पुन्हा पुन्हा येते आणि एकाच वेळी दोन घाव घालते: औषधाचा खर्च वाढतो आणि त्याच दिवसांत मजुरी बुडते. गिरणीतला विणकर महिनाभर अंथरुणाला खिळला म्हणजे त्याचे घर सावकाराच्या दारी जाते. तो बरा होतो, पण कर्ज बरे होत नाही. यावर उपाय एकच, की सर्वांनी थोडथोडे द्यावे आणि ज्याच्यावर पाळी येईल त्याने ते घ्यावे. मात्र हे ऐच्छिक ठेवले तर धडधाकट माणसे बाहेर राहतात, आजारी तेवढी आत येतात आणि निधी बुडतो. सक्तीचे मूळ या हिशेबात आहे.

गंमत अशी, की असा पहिला राष्ट्रीय कायदा करणारा पुरुष कोणी क्रांतिकारक नव्हता. जर्मनीत १८८३ मध्ये तो आणला बिस्मार्कने, आणि तो समाजवाद्यांना शह देण्यासाठी. इंग्लंडात लॉइड जॉर्ज यांनी १९११ मध्ये तसाच कायदा केला, तेव्हा मात्र लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्ये घरमालकिणींची सभा भरली. नोकरांच्या कार्डावर विम्याची तिकिटे चिकटवणार नाही, असा त्यांचा निर्धार होता.

आपल्याकडील विरोध इतका नाट्यमय नव्हता. तो सभ्य होता, म्हणूनच अधिक चिवट ठरला. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक मांडले; ते नामंजूर झाले. मुंबई कौन्सिलात १९२८ मध्ये तसेच विधेयक आले, तेव्हा एकट्या मुंबई इलाख्यावरच हा बोजा का, असा आक्षेप निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. कायदा १९२९ मध्ये झाला, पण भार मालकांवरच राहिला. म्हैसूर संस्थानानेही १९३७ मध्ये आपला प्रसूतिभत्त्याचा कायदा केला.

आजारपणाच्या विम्याचे घोडे मात्र अडलेलेच होते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९२७ मध्ये त्यासंबंधीचे करार संमत केले. हिंदुस्थानने ते स्वीकारले नाहीत. कामगार गावाकडे येतो-जातो, त्याची नोंद कशी ठेवणार? तुटपुंज्या मजुरीतून वर्गणी कापली तर तो चिडेल. शिवाय डॉक्टर आहेत कोठे? यांतला एकही आक्षेप निव्वळ खोटा नव्हता. तत्त्व कोणीच नाकारीत नसे. वेळ आलेली नाही, एवढेच प्रत्येक जण म्हणे. असा विरोध खोडून काढणे सर्वांत अवघड.

ही कोंडी फुटली ती महायुद्धाच्या काळात. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे योजनेचे काम सोपवण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि १९ एप्रिल १९४८ रोजी कामगार राज्य विमा कायदा मंजूर झाला. विजेवर चालणारे, वीस वा अधिक कामगारांचे कारखाने आणि दरमहा चारशे रुपयांपर्यंतचे वेतन, एवढी त्याची आरंभीची मर्यादा होती. औषधोपचार मिळत आणि वर्षाकाठी ५६ दिवसांपर्यंत सुमारे अर्ध्या वेतनाइतका भत्ताही मिळे.

कायदा झाला तरी योजना चार वर्षे कागदावरच होती. ज्या शहरात ती प्रथम सुरू होणार तेथील कारखानदार म्हणू लागले, की आम्ही वर्गणी भरावयाची आणि शेजारच्या प्रांतातला आमचा स्पर्धक मोकळा राहणार, हा कोणता न्याय? मुंबई कौन्सिलातला १९२८ चा आक्षेपच हा, नव्या वेषात. त्याचे उत्तर मात्र भाषणाने दिले गेले नाही, हिशेबाने दिले गेले. १९५१ च्या दुरुस्तीने देशभरच्या सर्व संबंधित कारखानदारांवर वर्गणी बसवली: योजना लागू झालेल्या ठिकाणी वेतनखर्चाच्या सव्वा टक्का, इतरत्र पाऊण टक्का. मग तक्रारीला जागाच उरली नाही. उलट ज्याच्या गावी योजना नाही तो कारखानदार विचारू लागणार, की पैसे देतो तर दवाखाना कोठे आहे? २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झाले. तेव्हा मध्य प्रदेशात असलेले नागपूर आणि पाठोपाठ मुंबई १९५४ मध्ये योजनेत आली. मुंबईत सरकारी दवाखान्यांपेक्षा खाजगी डॉक्टरांची यादी करून कामगाराला त्यांतून निवड करू दिली गेली. धंदेवाईक डॉक्टरांना विरोधाऐवजी भागीदारी मिळाली.

डॉक्टर कोठे आहेत, हा जुना प्रश्न मात्र आजही पुरता सुटलेला नाही. निधी जमतो, पण खाटा व तज्ज्ञ त्या मानाने वाढत नाहीत, ही कामगारांची तक्रार जुनीच आहे. विरोधकांचे एवढे म्हणणे खरे होते. मात्र ते थांबण्याचे कारण नव्हते, दवाखाने अगोदर बांधण्याचे होते.

दुसरा प्रश्न म्हैसूरमध्येच दिसतो. म्हैसूरची उदबत्ती सर्वदूर जाते आणि ती वळणाऱ्या बहुतेक स्त्रिया घरी बसून नगावारी मजुरी घेतात. त्यांच्या नावाने वर्गणी भरील असा मालक कायद्याला सापडत नाही. सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी कर्नाटकात २००३ मध्ये यशस्विनी योजना निघाली, आरंभी वर्षाला साठ रुपयांत. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेने गरीब कुटुंबांना रुग्णालयातील उपचारांसाठी वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण दिले. शस्त्रक्रियेचा खर्च यातून निघतो. पण तापाने पंधरा दिवस हात थांबले, तर त्या पंधरा दिवसांची मजुरी या योजनांत कोणी देत नाही. १९४८ चा कायदा पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. उदबत्ती वळणारीच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब तेथेही भावी योजनांवर सोपवलेला आहे.