होळीच्या उधाणात सुटलेलं जहाज

यवतमाळच्या कापसाला विलायतेची वाट जवळची झाली ती १८६९ मध्ये खुल्या झालेल्या सुएझ कालव्यामुळे. त्याच कालव्यात २३ मार्च २०२१ रोजी ४०० मीटर लांबीचं ‘एव्हर गिव्हन’ जहाज आडवं रुतलं. त्यावरचे पंचवीसही खलाशी भारतीय. दोन लाख टनांहून जड असं ते धूड नुसतं ओढून हलणारं नव्हतं. ड्रेजरने नाळेभोवतीची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाभोवतीची, सुमारे ३०,००० घनमीटर वाळू उपसली. पण मला थक्क करतो तो चंद्राचा वाटा. २८ मार्चला होळी पौर्णिमा होती. सूर्य, पृथ्वी, चंद्र साधारण एका रेषेत आले की भरती जास्त चढते. चढलेलं पाणी जहाजाचा अधिक भार तोलतं आणि तळाचा वाळूवरचा दाब उतरतो. धुळवडीला टगबोटींनी ते मोकळं केलं. मुंबईत जुहूला रुतलेलं ‘पवित’ जहाजही १५ ऑगस्ट २०११ रोजी, नारळी पौर्णिमेनंतरच्या भरतीतच, समुद्रात ओढून नेलं होतं.