जाहिरातगीतांतील नाममुद्रा

आकाशवाणी व दूरचित्रवाणी यांवरून ऐकू येणाऱ्या जाहिरातगीतांचा विचार वाङ्मयाच्या अभ्यासकाने करावा काय, असा प्रश्न सहजच उपस्थित होईल. ही गीते विक्रीसाठी रचली जातात आणि त्यांचे आयुष्य मालाच्या आयुष्याशी बांधलेले असते, हे खरेच आहे. तथापि ज्यांनी शाळेत पाठ केलेल्या कविता केव्हाच विसरून टाकल्या, अशा माणसांच्या मुखातही ही गीते तीस-चाळीस वर्षांनंतर जशीच्या तशी टिकून राहिलेली आढळतात. ही स्मरणीयता कोठून येते आणि तिच्या मोबदल्यात काय हरवते, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १९५२ नंतर, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असताना, आकाशवाणीने चित्रपटगीतांवर मर्यादा घातल्या. जाहिराती तर ती त्या काळी घेतच नसे. परिणामी श्रोते आणि व्यापारी हे दोघेही रेडिओ सिलोनकडे वळले. डिसेंबर १९५२ मध्ये तेथे सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’ या कार्यक्रमाच्या नावातच दंतमंजनाचे नाव गुंफलेले होते. पुढे १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून तिची जाहिरातसेवा चालू झाली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी निघाले. दूरदर्शनवरील व्यापारी जाहिरातींस १ जानेवारी १९७६ पासून आरंभ झाला. भारतीय जाहिरातगीत घडले ते मुख्यतः याच काळात, आणि बव्हंशी मुंबईत.

आता या गीतांच्या रचनेकडे वळू. वीस सेकंदांच्या एका जाहिरातीचे उदाहरण घेऊ. एका मात्रेस पाव सेकंद लागतो असे मानल्यास आठ मात्रांचे एक आवर्तन दोन सेकंदांत पुरे होते; म्हणजे रचनाकाराच्या हाती एकूण दहा आवर्तने येतात. प्रत्येकी दोन आवर्तनांच्या चार ओळी रचल्या की आठ आवर्तने संपतात, आणि उरलेली दोन मालाच्या नावासाठी राहतात. आठ मात्रांचे हे आवर्तन मराठी कानास परके नाही. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त ज्यास पद्मावर्तन म्हटले आहे, ते हेच होय.

परंतु केवळ ठेक्याने नाव स्मरणात राहत नाही. ते कोठे बसविले आहे यास महत्त्व आहे. अभंगात दोन जागा विशेष मानाच्या असतात. एक ध्रुवपदाची, जेथे गाणारा पुनःपुन्हा परत येतो. आणि दुसरी अखेरच्या चरणातील नाममुद्रेची, जेथे ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ अशी कर्त्याची खूण उमटते. जाहिरातगीताने या दोन्ही जागा एकाच नावास दिल्या. निरमा या धुण्याच्या भुकटीचे गीत मालाच्या नावाने सुरू होते, त्याच नावाकडे परतते आणि त्याच नावावर विसावते. विको वज्रदंतीच्या गीतातही नाव हेच ध्रुवपद आहे. शतकानुशतके कीर्तन-भजन ऐकून ज्या जागी नाव ऐकावयाची सवय कानास जडली होती, त्या जागी कानास नाव मिळाले. फक्त ते संताचे नव्हते.

लिज्जत पापडाच्या जाहिरातीत आणखी एक साधन दिसते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन हा उद्योग आरंभिला. रामदास पाध्ये यांच्या बोलक्या सशाने तो घरोघरी पोचविला. येथे पापड मोडतानाचा आवाजच शब्द बनतो. आपल्या व्याकरणात ज्यांना अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार होय. अशा शब्दाला भाषांतराची गरज पडत नाही. तो हिंदीतून मराठीत जसाच्या तसा येतो.

इतर शब्दांचे मात्र तसे होत नाही. बहुतेक गीते मुळात हिंदीत रचली जात आणि नंतर त्याच चालीवर मराठी शब्द बसविले जात. हिंदीतील ‘है’ दोन मात्रांचा, तर मराठीतील ‘आहे’ चार मात्रांचा. एका क्रियापदापायी आवर्तनाचा चौथा हिस्सा जास्त लागतो. मग क्रियापद गाळावे तरी लागते किंवा कोंबावे तरी लागते. मराठी जाहिरातगीते पुष्कळदा अवघडल्यासारखी वाटतात, याचे एक कारण येथे सापडते.

या गीतांतील शब्द निरुपद्रवी असतात असेही नाही. विको टर्मरिकच्या गीताचा मुख्य दावा असा, की हे प्रसाधन नसून आयुर्वेदिक मलम आहे. नेमक्या याच प्रश्नावर उत्पादनशुल्काच्या आकारणीसंबंधी दीर्घकाळ वाद चालला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. मुलांच्या तोंडी सहज खेळणारे विधान न्यायालयात वर्गीकरणाचा मुद्दा ठरू शकते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

येथे जपानशी तुलना उद्बोधक ठरेल. तेथे सप्टेंबर १९५१ मध्ये खाजगी नभोवाणी सुरू झाली आणि त्याच महिन्यात पहिले जाहिरातगीत प्रसारित झाले. कोनिशिरोकु या छायाचित्रण-साहित्याच्या कंपनीसाठी मिकी तोरिरो यांनी ते रचले होते. हौशी छायाचित्रकाराविषयीच्या त्या गीतात कंपनीचे वा मालाचे नाव मुळीच नव्हते. १९७३ मध्ये हिताची कंपनीसाठी इतो आकिरा यांनी लिहिलेले आणि कोबायाशी आसेई यांनी स्वरबद्ध केलेले दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध गीत तर नाव ठाऊक नसलेल्या एका झाडाविषयी आहे. तेथे गीतात मालाचे नाव नाही, परंतु गीतकर्त्यांची नावे नोंदलेली आहेत. आपल्याकडे नेमके उलट आहे.

खरा प्रश्न हाच आहे. अभंगातील नाममुद्रा म्हणजे अनुभवाची जबाबदारी घेणाऱ्या माणसाची सही. जाहिरातगीतात सही मालाची असते; माणूस पडद्याआड जातो. निरमा हे नावही करसनभाई पटेल यांच्या निरुपमा या कन्येच्या नावावरून आले, पण ऐकणाऱ्यास त्यात भुकटीच ऐकू येते. पहिल्या पिढीतील वनराज भाटिया किंवा पुढील पिढीतील अशोक पत्की ही नावे आपणांस ठाऊक आहेत, ती मुख्यतः त्यांच्या इतर कार्यामुळे. ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ हे १९८८ चे गीत आणि ‘आभाळमाया’चे शीर्षकगीत यांच्या चाली पत्कींच्या, त्यांनी जाहिरातींसाठी बांधलेल्या असंख्य चाली मात्र त्यांच्या नावाने ओळखल्या जात नाहीत. मराठी शब्द बसविणाऱ्या लेखकांची तर दखलही क्वचितच घेतली गेली.

म्हणून या गीतांचे संकलन विभागाने हाती घ्यावे, अशी सूचना करावीशी वाटते. धाराशिव जिल्ह्यातील येडशी हे गाव त्यासाठी योग्य होईल. रामलिंगाच्या देवस्थानामुळे आणि रस्ते व लोहमार्ग यांमुळे तेथे नित्य येजा असते. शिवाय हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. उर्दू ही तेथील राज्यकारभाराची भाषा असल्यामुळे हिंदी गीत या भागाच्या कानास तितकेसे परके वाटले नसावे. येथील वडीलधारी मंडळी ही गीते म्हणून दाखविताना हिंदी शब्द राखतात की नकळत मराठी करतात? चाल टिकते आणि शब्द बदलतात, की उलट घडते? भजनी मंडळातील माणसाच्या आणि इतरांच्या स्मरणात काही भेद आढळतो काय? ध्वनिमुद्रण आणि शांतपणे ऐकून घेणे, एवढ्या सामग्रीवर या प्रश्नांची उत्तरे मिळू शकतील.

त्याचबरोबर मुंबई-पुण्यातील ध्वनिमुद्रणगृहांत काम केलेल्या गीतकार, वादक व गायक यांच्या मुलाखतीही घेतल्या पाहिजेत. जात्यावरच्या ओव्या संकलित करावयास आपण उशिरा निघालो, आणि ओव्या हाती लागल्या तरी त्या रचणाऱ्या बायांची नावे बव्हंशी गेली ती गेलीच. जाहिरातगीतांचे कर्ते आपल्याच काळातले आहेत. त्यांतील काही अद्याप हयात आहेत. मालाची नाममुद्रा लोकांच्या स्मरणात पक्की आहे. तिच्याशेजारी कर्त्याची नाममुद्रा लिहून ठेवणे हे अभ्यासकाचे काम आहे, आणि त्यास फार अवधी उरलेला नाही.