११४ मृत्यू, जबाबदार कोणीच नाही! मोर्चावरील पोलिस कारवाईची चौकशी करणारा आयोग नेमके काय करू शकतो?

आंदोलकांवर लाठीमार झाला, गोळीबार झाला, की दुसऱ्या दिवशी एक मागणी ठरलेली असते : 'न्यायालयीन चौकशी करा'. सरकारही ती बहुतेक वेळा चटकन मान्य करते. न्यायमूर्तींचे नाव जाहीर होते, सभागृहातला गोंधळ शमतो. पुढे त्या चौकशीचे काय होते, हे विदर्भातल्या गोवारी समाजाइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी काय घडले?

नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू होते. मुख्यमंत्री होते शरद पवार. गुरे राखणे हा पिढ्यानपिढ्यांचा व्यवसाय असलेल्या गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला. मागणी होती अनुसूचित जमातीच्या सवलतींची. यादीत 'गोंड गोवारी' अशी नोंद आहे. ती नोंद म्हणजे आम्हीच, असे समाजाचे म्हणणे होते. राज्य सरकारच्या २४ एप्रिल १९८५ च्या निर्णयाने मात्र गोवारी आणि गोंड गोवारी वेगळे ठरवले होते.

हजारोंचा हा मोर्चा पोलिसांनी सीताबर्डी भागात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ अडवला. मोर्चात बायाबापड्या होत्या, कडेवर लेकरे होती. दिवसभर थांबूनही सरकारतर्फे कोणी भेटायला आले नाही, ही मोर्चेकऱ्यांची तक्रार आजही कायम आहे. संध्याकाळी गर्दी पुढे सरकू लागली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि चेंगराचेंगरी झाली. ११४ जणांचा जीव गेला. त्यात बहुसंख्य महिला आणि मुले होती. एकही गोळी न झाडता झालेली ही मनुष्यहानी आहे.

आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. न्या. एस. एस. दाणी यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. आयोगाने घटना दुर्दैवी म्हटली, पण जबाबदारी कोणावरही निश्चित केली नाही.

मग आयोगाला अधिकार तरी काय असतात?

कागदावर भरपूर. चौकशी आयोग कायदा १९५२ चा आहे. त्याच्या कलम ४ नुसार आयोग साक्षीदाराला समन्स काढू शकतो, शपथेवर साक्ष घेऊ शकतो, कोणत्याही कार्यालयातून कागदपत्रे मागवू शकतो. एखाद्याच्या प्रतिष्ठेला बाधा येईल असे काही नोंदवायचे असेल, तर कलम ८-ब नुसार त्याला आधी बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. वकील असतात, उलटतपासणी असते. सगळे दृश्य न्यायालयासारखेच दिसते.

फरक शेवटी कळतो. न्यायालय निकाल देते, आयोग अहवाल देतो. हा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच रामकृष्ण दालमिया विरुद्ध न्या. तेंडोलकर या खटल्यात हे स्पष्ट केले होते. आयोगाच्या शिफारशी आपोआप अमलात येत नाहीत, आयोग कोणाला शिक्षाही देऊ शकत नाही.

त्यात कलम ६ आहे. आयोगासमोर दिलेले निवेदन त्या व्यक्तीविरुद्ध पुढच्या फौजदारी किंवा दिवाणी खटल्यात वापरता येत नाही. अपवाद फक्त खोट्या साक्षीच्या खटल्याचा. हेतू चांगला आहे, साक्षीदाराने मोकळेपणाने बोलावे. पण याचा दुसरा अर्थ असा, की एखाद्या अधिकाऱ्याने आयोगापुढे चूक कबूल केली, तरी त्या कबुलीवर खटला उभा राहत नाही. पोलिसांना तपास पहिल्यापासून करावा लागतो, तोही बहुधा आपल्याच खात्यातल्या माणसांविरुद्ध.

प्रत्येक दारावर एकच पहारेकरी

आयोग नेमायचा की नाही, हे सरकार ठरवते. त्याने कशाची चौकशी करायची, म्हणजे कार्यकक्षा, सरकारच आखून देते. अहवाल सरकारकडे जातो. कलम ३(४) नुसार तो सहा महिन्यांत कृती अहवालासह सभागृहात ठेवावा लागतो, आणि त्या कृती अहवालात शिफारशी स्वीकारल्या की फेटाळल्या, हेही सरकारच लिहिते. एवढे होऊन खटला भरायचा झालाच, तर आणखी एक दार आहे. बेकायदा जमाव पांगवताना केलेल्या कृतीबद्दल पोलिसांवर खटला भरायला राज्य सरकारची मंजुरी लागते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३२ मध्ये होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५१ मध्ये आहे. ज्याच्या कारभाराची चौकशी, त्याच्याच खिशात सगळ्या किल्ल्या!

रमाबाई नगरात वेगळे काय झाले?

११ जुलै १९९७. मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर उतरले. राज्य राखीव पोलिस दलाच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. जमाव टँकर पेटवणार होता, असा पोलिसांचा बचाव होता. न्या. एस. डी. गुंडेवार आयोगाने तो मानला नाही. गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यावर ठपका ठेवला. तरीही शिक्षा झाली ती स्वतंत्र फौजदारी खटल्यातून, २००९ मध्ये, घटनेनंतर जवळपास १२ वर्षांनी. सत्र न्यायालयाने त्या अधिकाऱ्याला सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला.

दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. गोळीबाराला आदेश देणारा असतो. काडतुसांची मोजदाद असते, बंदुकीचा क्रमांक असतो, शवविच्छेदनात गोळी सापडते. चेंगराचेंगरीत असले काहीच हाती लागत नाही. कोणाच्या लाठीमुळे कोण पळाले आणि कोणाच्या पायाखाली कोण आले, हे सिद्ध करणे जवळपास अशक्य. तिथे विचारायचे प्रश्न वेगळे असतात : एवढी गर्दी त्याच ठिकाणी का अडवली, बाहेर पडायला वाट किती रुंद होती, लाठीमाराचा आदेश देताना समोर मुले आहेत हे दिसत होते का, आणि निवेदन घ्यायला मंत्री पाठवणे इतके अवघड होते का? हे प्रश्न एखाद्या शिपायाला नव्हे, वरच्या खुर्च्यांना विचारायचे असतात. उत्तर 'दुर्दैव' असे आले की त्या खुर्च्या सुटतात.

मूळ मागणीचे काय झाले?

१९९५ मध्ये गोवारींचा समावेश दोन टक्के आरक्षणाच्या विशेष मागास प्रवर्गात झाला. जमातीचा दर्जा मात्र मिळाला नाही. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. गोंड गोवारी ही जमात १९११ पूर्वीच नामशेष झाली होती, त्यामुळे यादीतली नोंद गोवारींचीच, असे न्यायालय म्हणाले. गावोगावी जल्लोष झाला, मुलांना जमातीचे दाखले मिळू लागले. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. मधल्या काळात ज्यांना प्रवेश आणि नोकऱ्या मिळाल्या, त्यांना तेवढे संरक्षण दिले.

नागपुरात झिरो माइलजवळ आता गोवारी शहीद स्मारक आहे. सीताबर्डीतल्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीद असे नाव आहे. दर २३ नोव्हेंबरला समाजबांधव स्मारकावर फुले वाहायला येतात आणि अनुसूचित जमातीची तीच मागणी पुन्हा करतात.