उत्तर न सांगणारा सीनियर

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणिताच्या ‘एम-वन’ पेपरात पोरांना धडाधड केटी लागली की कॉलेजचा उपाय ठरलेला असतो. नापासांची यादी लागते आणि ‘रेमेडियल’ तास सुरू होतात. यादीतली मुलं तिकडे फिरकत नाहीत, आणि कशाला फिरकतील? त्या वर्गात जाऊन बसायचं म्हणजे आपण ‘ढ’ आहोत हे चारचौघांत कबूल करायचं.

यातून एक वेगळी वाट अमेरिकेत निघाली. तिथल्या मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत वैद्यकीय, दंतवैद्यक आणि औषधनिर्माणाच्या मुलांची गळती सतावत होती. १९७३ साली डीअ‍ॅना मार्टिन यांनी तिथे एक साधी गोष्ट उलटी फिरवली. कच्ची मुलं हुडकायची सोडून त्यांनी अवघड विषय हुडकले. ज्या विषयात ३० टक्के किंवा त्याहून जास्त मुलं काठावर राहतात, नापास होतात किंवा मध्येच विषय सोडून देतात, तो विषय धोक्याचा. त्या विषयासाठी आठवड्याला जादा बैठका ठेवायच्या आणि दार सगळ्यांना उघडं. मग पुढच्या बाकावरचा हुशारही येऊन बसतो आणि लाजेचा प्रश्नच मिटतो. ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ असं या पद्धतीचं नाव. १९८१ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने तिला आदर्श उपक्रम म्हणून मान्यता दिली. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात ती बऱ्याच ठिकाणी ‘पास’ या नावाने चालते.

या बैठका चालवतो तो एक सीनियर. तो विषय त्याने चांगल्या गुणांनी पार केलेला असतो, तरीही तो नव्या मुलांबरोबर पुन्हा लेक्चरला बसतो आणि वही काढतो. पेपर तपासणं, गुण देणं यांतलं काही त्याच्याकडे नसतं. आणि सगळ्यात जाचक अट म्हणजे त्याने शिकवायचं नाही.

ही अट पाळायची म्हणजे काय, ते एका गणितावरून कळेल. एक्स गुणिले ई-रेज-टू-एक्सचं इंटिग्रेशन करायचं आहे. खडू नव्या मुलीच्या हातात. तिने पहिलं फंक्शन म्हणून ई-रेज-टू-एक्स घेतलं. सीनियरला तिथल्या तिथे दिसतं की गाडी चुकीच्या फाट्याला लागली. तो गप्प राहतो. पुढच्या पायरीला एक्सचा वर्ग येतो, त्यापुढे घन. मुलगी थबकते. “सोपं व्हायच्या ऐवजी वाढत का चाललंय?” तो एवढंच विचारतो, आणि प्रश्न बाकांवर जाऊ देतो. कुणीतरी लेक्चरची वही चाळतं, कुणीतरी “उलटं घेऊन बघ ना” म्हणतं. पहिलं फंक्शन निवडायचा ‘लिएट’ क्रम नुसता घोकलेल्या मुलांना तो तसा का, हे बहुधा अशाच वेळी उमगतं. मधली ती अर्ध्या मिनिटाची शांतता सोसायला मात्र सीनियरला शिकवावं लागतं. आपल्याला येत असताना तोंड बंद ठेवणं फार कठीण असतं. कुठल्याही प्राध्यापकाला विचारा.

मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची चाल आपल्याकडे जुनीच. मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल यांनी तिची पद्धतशीर व्यवस्था बसवली आणि १७९७ मध्ये तिच्यावर पुस्तिका छापली. पण तिथे शिक्षक कमी आणि मुलं फार, म्हणून मोठा मुलगा मास्तराच्या जागी उभा राहायचा. कॅन्सस सिटीचा सीनियर मास्तर होतच नाही, हा फरक मला मोलाचा वाटतो.

अमेरिकेतल्याच बर्कली विद्यापीठात उरी ट्राइसमन यांनी दुसऱ्या टोकाने, म्हणजे मुलांपासून, सुरुवात केली. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं का मागे पडतात, याची कारणं प्राध्यापकांकडे तयार होती : तयारी कच्ची, घरची स्थिती, जिद्द कमी. ट्राइसमन मुलांच्या मागेमागे फिरले, ती अभ्यास कसा करतात ते पाहिलं. आठवड्याला सहा-आठ तास अभ्यास ती इमानदारीत करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं स्वतःचा अभ्यास उरकून पुन्हा घोळक्याने बसत आणि एकमेकांची गणितं तपासत. मग ट्राइसमन यांनी गटाने बसण्याच्या कार्यशाळा काढल्या आणि त्यांत मुद्दाम जास्त अवघड गणितं ठेवली. ‘रेमेडियल’चा वासही येऊ दिला नाही. निकाल सुधारले.

आकड्यांबाबत एक सावधगिरी हवी. अशा बैठकांना येणारी मुलं मुळातच धडपडी असू शकतात, त्यामुळे त्यांच्या वाढलेल्या गुणांचं सगळं श्रेय बैठकीला देता येत नाही.

आपल्याकडे पवईच्या आयआयटीत नव्या मुलांना सीनियर मेंटर नेमून देण्याची पद्धत चांगली रुळली आहे. इतर बऱ्याच कॉलेजांत मेंटर म्हणजे ‘नॅक’च्या मूल्यांकनाच्या फायलीतलं रजिस्टर : एकेका प्राध्यापकाच्या नावावर वीस-पंचवीस मुलं आणि त्यांच्या सह्या. सीनियर नोट्स देतात, ‘आयएमपी’ प्रश्न सांगतात, पण ते हॉस्टेलमध्ये आणि ओळखीवर. मराठी माध्यमातून आलेला, तालुक्याहून एसटीने ये-जा करणारा मुलगा त्या ओळखीच्या बाहेर राहतो, आणि लेक्चरमधलं इंग्रजी अडलं तर हात वर करायलाही तो कचरतो. कॉलेजने अशी सीनियरची बैठक संध्याकाळी साडेपाचला ठेवली, तर नेमकी त्याचीच गाडी चुकेल. ती दुपारच्या वेळापत्रकातच बसवायला हवी, आणि सीनियरला प्रमाणपत्राबरोबर तासाचे पैसेही मिळायला हवेत. अमेरिकेत ते मिळतात.