गोल्फमधील जोरदार फटका आणि कटिरक्षण

गोल्फचा फटका दूर जावा म्हणून बाहूंचे बळ वाढवावे, अशी अनेक हौशी खेळाडूंची समजूत असते. असा खेळाडू चाळिशीनंतर कटिशूल घेऊन चिकित्सालयात येतो, उपचाराने बरा होतो, त्याच रीतीने खेळतो आणि पुन्हा येतो. निदानपरिवर्जनास चिकित्सेत अग्रस्थान देणाऱ्या वैद्यांनी हा फटका कसा घडतो हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

गोल्फचा चेंडू नियमानुसार अधिकाधिक ४५.९३ ग्रॅम वजनाचा असतो. व्यावसायिक पुरुष खेळाडूच्या ड्रायव्हरचे टोक त्यावर ताशी सुमारे १८० किलोमीटर वेगाने आदळते. हा वेग केवळ बाहूंतून उपजत नाही. तो भूमीपासून वर चढत येतो. उजव्या हाताने खेळणारा क्लब मागे नेतो तेव्हा भार उजव्या पायावर येतो, स्कंध सुमारे ९० अंश व श्रोणी सुमारे ४५ अंश वळते. परतताना प्रथम भार डाव्या पायाकडे सरकतो. मग श्रोणी, छाती, बाहू व अखेरीस मणिबंध, असा क्रम असतो. चाबकाच्या मुठीची हालचाल टोकाशी अनेकपटींनी वेगवान व्हावी, तसाच हा प्रकार. बाहूंनी घाई केली किंवा मूठ आवळली की बळ खर्चूनही अंतर घटते.

आता शरीररचना पाहू. कटीतील पाच कशेरुका पुढे-मागे वाकण्यास अनुकूल आहेत, पिळण्यास नव्हेत. वळण्याचे काम मुख्यतः वंक्षणसंधी व पृष्ठ यांचे. ते आखडले असल्यास पीळ कटीवर येतो. रुग्णास खुर्चीवर बसवून, गुडघा स्थिर ठेवून पाऊल बाहेरच्या बाजूस न्यावे. दोन्ही बाजूंची तुलना केल्यास वंक्षणाची आतील वळण्याची क्षमता कळते. छातीवर हात बांधून दोन्ही बाजूंस वळण्यास सांगितल्यास पृष्ठाचा जखडलेपणाही ध्यानात येतो.

असामान्य खेळाडूही यातून सुटत नाही. टायगर वुड्स यांच्या कटीवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. एप्रिल २०१७ मध्ये कशेरुका जोडण्याची शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर २०१९ मध्ये त्यांनी मास्टर्स स्पर्धा जिंकली, हेही खरे. उलटपक्षी, फटक्याच्या अंतरात अनेक प्रतिस्पर्ध्यांहून मागे असूनही अदिती अशोक हिने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळवले. बळ हेच सर्वस्व नव्हे, हे रुग्णास पटविण्यास एवढे उदाहरण पुरे.

वाग्भटांनी दिनचर्येत सांगितलेली अर्धशक्तीची मर्यादा येथे चपखल लागू पडते. सरावात पूर्ण जोराचे फटके मोजके असावेत. उरलेले क्रम साधण्यासाठी निम्म्या जोराने मारावेत. खेळापूर्वी कटी, वंक्षण व पृष्ठ यांस अभ्यंग करावा आणि हलक्या हालचालींनी शरीर उष्ण करावे. हेमंत, शिशिर व वसंत हे ऋतू अर्धशक्ती व्यायामास योग्य. इतर ऋतूंत तो त्याहूनही कमी असावा.

औषधालयचालकांसही एक विनंती. दर पंधरवड्यास वेदनाशामक तेलाची बाटली नेणाऱ्या खेळाडूस दोन प्रश्न अवश्य विचारावेत: वेदना पायात उतरते काय? पाय बधिर वा दुर्बळ होतो काय? होकार आल्यास बाटली देऊन न थांबता त्यास वैद्याकडे पाठवावे. मूत्र वा मलप्रवृत्तीवरील नियंत्रण सुटत असल्यास मात्र विलंब न करता रुग्णालयाचीच वाट दाखवावी.