खेळयंत्रांच्या खपाचा आकडा

जुन्या मराठी पुस्तकांत मुखपृष्ठाच्या पाठीमागे पुष्कळदा 'आवृत्ती पहिली, प्रती १०००' असा मजकूर छापलेला आढळतो. प्रकाशकाने किती प्रती काढल्या हे त्यावरून वाचकाला कळे; त्यांपैकी किती खपल्या आणि किती माळ्यावर पडून राहिल्या, हे मात्र प्रकाशकाच्या वहीतच राही. आज दूरचित्रवाणीच्या पडद्याला जोडून जी व्हिडिओ खेळांची यंत्रे वापरली जातात, ज्यांना बाजारात 'कन्सोल' म्हणतात, त्यांच्या खपाची गोष्ट बरीचशी अशीच आहे. फरक इतकाच की, तेथे हिशेब हजारांचा नसून कोटींचा असतो.

हा आकडा सामान्य माणसास ठाऊक असण्याची गरज काय, असे कोणासही वाटेल. परंतु खेळयंत्र हे शिवणाच्या यंत्रासारखे स्वयंपूर्ण नव्हे. त्याची उपयुक्तता त्याच्यासाठी पुढे निघणाऱ्या खेळांवर अवलंबून असते. आणि खेळ तयार करणारा कारखानदार एखाद्या यंत्रासाठी श्रम व पैसा खर्च करावयाचा की नाही, हे ते यंत्र किती घरांत आहे ह्यावरून ठरवितो. जपानच्या सेगा कंपनीने १९९८ साली 'ड्रीमकास्ट' नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याचा खप एक कोटीसही पोहोचला नाही, आणि जानेवारी २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर झाला. यंत्र घेतलेल्यांच्या घरी ते धडधाकट होते. पण त्याच्यासाठी निघणाऱ्या नव्या खेळांचा ओघ आटला. तेव्हा खपाचा आकडा हा घेणाऱ्याच्या पैशाचे पुढे काय होणार, ह्याची पूर्वसूचना असतो.

'खप' ह्या शब्दाचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. कारखान्यातून बाहेर पडलेली यंत्रे, दुकानदारांना पोहोचलेली यंत्रे आणि ग्राहकाने पैसे मोजून घरी नेलेली यंत्रे, असे हे तीन निरनिराळे आकडे आहेत. ह्यांत गफलत झाली म्हणजे काय होते, हे अमेरिकेतील अटारी कंपनीच्या उदाहरणावरून दिसून येते. १९८२ च्या सुमारास तिने आपल्या खेळांच्या मुद्रिका प्रचंड संख्येने तयार करून दुकानांत भरल्या. कागदावर माल गेलेला दिसत होता. पण ग्राहक तो घेईनात, आणि दुकानांतून तो परत येऊ लागला. अखेर सप्टेंबर १९८३ मध्ये न खपलेला पुष्कळसा माल न्यू मेक्सिकोतील आलमोगोर्डो येथील कचराभूमीत पुरण्यात आला. २०१४ च्या एप्रिलमध्ये ती जागा खणली असता त्या मुद्रिका खरोखरच जमिनीतून वर आल्या.

आज बहुतेक कंपन्या जो आकडा सांगतात तो दुकानदारांना दिलेल्या मालाचा असतो. सोनी कंपनी एप्रिल २००७ पर्यंत उत्पादनानंतर रवाना झालेल्या यंत्रांची संख्या देत असे. त्यानंतर तिने आपल्या हिशेबात नोंदलेल्या विक्रीची संख्या देण्यास आरंभ केला. मोजण्याची रीत बदलली म्हणजे जुन्या व नव्या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. पुढे ह्याच कंपनीने हातात धरून खेळावयाच्या 'व्हिटा' ह्या नव्या यंत्राचा आकडा जुन्या 'पीएसपी' यंत्राच्या आकड्यात मिसळून दिला, आणि व्हिटाचा एकूण खप किती ह्याचे उत्तर अधिकृतपणे कधीच दिले नाही. 'प्लेस्टेशन २' चा आकडाही २०१२ पासून १५ कोटी ५० लक्षांवर थबकला होता. २०२४ च्या मार्चमध्ये निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले प्रमुख जिम रायन ह्यांनी बोलण्याच्या ओघात १६ कोटींचा उल्लेख केला, आणि त्याच वर्षी पुढे कंपनीच्या नोंदीतही तो चढला. म्हणजे सर्वाधिक खपलेल्या यंत्राचा आकडादेखील बारा वर्षे लोकांसमोर अपुराच होता.

ह्याच्या उलट निन्टेन्डो कंपनीचा परिपाठ आहे. ती दर तिमाहीस प्रत्येक यंत्राचा खप जाहीर करते आणि जुन्या यंत्रांचे एकूण आकडेही लोकांसाठी खुले ठेवते. तिच्या 'वी' यंत्राचा खप १० कोटी १६ लक्षांच्या वर गेला, तर त्याच्या मागून २०१२ साली आलेल्या 'वी यू' चा अवघ्या १ कोटी ३५ लक्ष ६० हजारांवर थांबला. यशाइतकेच अपयशही त्याच कोष्टकात मांडलेले आहे.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने मात्र २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये यंत्रांची संख्या सांगणे बंद केले व त्याऐवजी तिच्या जाळ्यावर दरमहा किती लोक खेळतात हे सांगण्यास प्रारंभ केला. तिच्या हिशेबपत्रकांत यंत्रांपासूनचे उत्पन्न गतवर्षीपेक्षा शेकडा किती वाढले वा घटले एवढे असते. यंत्रे किती, हे नसते. ह्यात बेकायदेशीर काही नाही. भागधारकांस उत्पन्न व नफा सांगणे कायद्याने आवश्यक असते. नगांची संख्या सांगण्याचे तसे बंधन नाही.

आणि मग कोंडलेले पाणी फट सापडेल तेथून झिरपावे तसे झाले. २०२२ साली एका मोठ्या खेळ-कंपनीच्या खरेदीस ब्राझीलच्या स्पर्धा-नियामक मंडळाची अनुमती हवी होती. तेथे सादर केलेल्या कागदांत मायक्रोसॉफ्टने म्हटले की, मागील पिढीत सोनीने आपल्या दुपटीहून अधिक यंत्रे विकली. सोनीच्या 'प्लेस्टेशन ४' चा आकडा ११ कोटी ७२ लक्ष हा प्रसिद्धच होता. तेव्हा 'एक्सबॉक्स वन' चा खप ५ कोटी ८६ लक्षांच्या आत असला पाहिजे, हे शाळकरी मुलासही काढता येण्याजोगे गणित झाले. पुढील वर्षी त्याच प्रकरणी अमेरिकेच्या न्यायालयात सोनीचा एक कागद दाखल झाला. त्यातील गुप्त आकड्यांवर काळ्या शाईची लेखणी फिरविलेली होती. परंतु कागदाची छायाप्रत निघताच शाईखालचे आकडे वाचता येऊ लागले, आणि काही खेळांवर वीस कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाल्याचे जगजाहीर झाले. जे आपखुशीने सांगितले गेले नाही, ते असे अपघाताने कळले.

तटस्थपणे मोजणारे कोणी नाहीच काय? आहेत, पण त्यांचीही मर्यादा आहे. जपानात 'फामित्सु' हे नियतकालिक दुकानांतील विक्रीवरून दर आठवड्याचे अंदाज छापते. अमेरिकेत एनपीडी ही संस्था दुकानांकडून विक्रीचे आकडे गोळा करी व महिन्याकाठी यंत्रांची संख्या सर्वांस सांगे. २०१० च्या ऑक्टोबरपासून तिने ते थांबविले. वर्गणी भरणाऱ्या व्यापाऱ्यांस तपशील मिळे, बाहेरच्यांस केवळ एकूण रक्कम व क्रमवारी. ही संस्था पुढे दुसरीत विलीन होऊन २०२३ पासून 'सर्काना' म्हणून ओळखली जाते.

ह्या ठिकाणी वृत्तपत्रांची तुलना उद्बोधक ठरेल. आपल्या देशात १९४८ साली स्थापन झालेली, मुंबईत मुख्य कचेरी असलेली ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था सभासद वृत्तपत्रांच्या खपाची तपासणी करवून तो प्रमाणित करते. तिच्यात प्रकाशकांच्या जोडीला जाहिरातदारही आहेत. पानाचे पैसे मोजणाऱ्यास खरा खप हवा होता, म्हणून ही व्यवस्था उभी राहिली. खेळयंत्रांचे पैसे मोजणारे ग्राहक मात्र घरोघर विखुरलेले. त्यांच्या वतीने हिशेब मागणारे कोणी नाही.

कंपन्यांची बाजूही अगदीच पोकळ नाही. प्रतिस्पर्ध्याच्या हाती आपली वही का द्यावी, असे त्या विचारतात. शिवाय आता तेच खेळ संगणकावर व दूरध्वनीवरही खेळता येत असल्याने यंत्रांच्या संख्येला पूर्वीचे महत्त्व उरले नाही, असेही म्हणतात. पण ज्या घरी ते यंत्र विकत घेतले जाते, त्या घरी ह्या युक्तिवादाने समाधान होणे कठीण. तेथे निदान एवढे करता येईल की, खपाचा आकडा कानी आला म्हणजे तो दुकानात गेलेल्या यंत्रांचा आहे की घरात पोहोचलेल्या, तो कोणी मोजला आणि केव्हापर्यंतचा आहे, हे आधी विचारावे. आणि जी कंपनी काल आकडा सांगत होती ती आज गप्प का आहे, हेही यंत्राची किंमत पाहताना ध्यानात घ्यावे.